आधी तिकडे की आधी इथे?

(दिवाळी मेळाव्यातील भाषण, नोव्हेंबर 2025)

मंडळी, नमस्कार.

मराठवाड्याच्या पूरनिधीचा डबा इथे अमेरिकेत आपल्या मराठी शाळेत फिरत होता, तेव्हा एका मुलीनं विचारलं, "माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरचे जेवणाचे पैसे बंद झालेत. त्यांचा डबा कुठाय?" कोणालाच उत्तर देता आलं नाही. मदत आधी तिकडे की आधी इथे, असा मंडळाच्या कार्यकारिणीत त्यावरून वाद पेटलाय, आणि तो पेटायलाच हवा होता. 1 नोव्हेंबरपासून स्नॅपची, म्हणजे गरजू घरांना जेवणखाणासाठी मिळणारी सरकारी मदत अडली ती सुमारे 4 कोटी 20 लाख माणसांची. सप्टेंबरात सीना नदीचं पाणी सोलापूर-धाराशिवच्या शिवारांत शिरलं, तेही तितकंच खरं.

माझं म्हणणं सरळ आहे. वस्तू आणि हात जवळ द्यावेत. लांब फक्त पैसा द्यावा.

पहिल्या आठवड्यात भाकरी, पाणी, चादरी शेजारच्या गावांतून पोचतात. इथून जुने कपडे पाठवायचे तर भाडंच कपड्यांहून महाग. तरी दर पुरानंतर कोणीतरी साड्यांचं गाठोडं आणतंच. कृपा करून आणू नका. खरी नड नंतर लागते. माती खरडून गेली तिथं गाळ आणून टाकल्याशिवाय पेरणी नाही. रान वाचलं तिथं हरभऱ्याला एकरी 25-30 किलो बियाणं लागतं, आणि घरातलं भिजून गेलेलं असतं. वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, निघून गेल्यावर पैसे पोचले तर त्यांचा काय उपयोग?

मंडळाच्या खात्यातून गावच्या तरुण मंडळाला पैसे धाडता येत नाहीत. तो परकीय निधी ठरतो. संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणगीच्या कायद्याखालची नोंदणी हवी. पैसे आधी दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरावीक शाखेत उतरतात, आणि 2020 पासून ती संस्था ते दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. म्हणून नाव किती मोठं ते बघू नका. त्या तालुक्यात तिची स्वतःची माणसं आहेत का, ते विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्यानं स्वतःच्या बचतीतून दिलं तर हा अडथळा येत नाही.

आता इथलं. फूड बँकेला, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या संस्थेला, घरच्या चकल्या चालत नाहीत, मोठं पोतं फोडून पिशव्यांत भरलेली तूरडाळही नाही. कंपनीचं सील आणि इंग्रजी लेबल हवं. डबाबंद राजमा, तांदळाची छोटी पाकिटं, पीनट बटर द्या. त्याहून जास्त गरज आहे ती शनिवारी सकाळी खोकी निवडणाऱ्या माणसांची. चेक देतानाच्या फोटोला आपण गर्दी करतो. खोकी निवडायला चार जण येतात, तेही दर वेळी तेच. त्या मुलीला डबा दाखवून भागणार नाही, तिला घेऊन शनिवारी तिथं जावं लागेल.

एक गोष्ट मात्र मला सुटत नाही. शेतीचा पंचनामा सातबाऱ्यावरच्या नावानं होतो. बटईनं रान करणारा, सालगडी, खुरपायला जाणारी बाई, यांची नावं त्या यादीत येत नाहीत. आणि मदत घेऊन जाणाऱ्याच्या हाती गावात बऱ्याचदा आधी तीच यादी पडते. त्यांच्यापर्यंत पोचायचं कसं? तिकडे कोणाची अशी ओळख असेल, तर जेवणाआधी मला जरूर भेटा.