तीच सीडी, दोन प्लेअर

(पडद्यावर: टेबलावर उघडा प्लेअर. काडेपेटीची काडी जवळून.)

झाकण उघडं असलं की सीडी फिरत नाही. झाकणाखाली एक बारीक कळ असते, ती दाबली गेल्याशिवाय लेझर लागतच नाही. दुरुस्तीच्या दुकानातल्या मिस्त्रींनी त्या कळीत काडेपेटीची काडी खोचली आणि प्लेअरला गंडवलं.

आता बघा. लेन्स वर गेली, खाली आली, पुन्हा वर. फोकस शोधतेय. सापडला, आणि चकती फिरायला लागली. सुरुवातीला मिनिटाला साधारण ५०० फेरे. गाणी संपत जातील तसा वेग उतरत २००वर येतो, कारण सीडी आतून बाहेर वाचली जाते. ग्रामोफोनच्या जुन्या तव्याच्या बरोबर उलट. लेझर ७८० नॅनोमीटरचा. डोळ्याला दिसला तर जेमतेम एक लालसर ठिपका, कॅमेऱ्याला मात्र तो चांगला सापडलाय. घरी कुणी असं झाकण उघडून डोळा लावू नये.

(पडद्यावर: दुकान बाहेरून. ओळीने ठेवलेले फवारणी पंप.)

यवतमाळ जिल्हा, आर्णी तालुका. दुकानावर पाटी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीची, पण हंगामात पोट चालतं ते बॅटरीच्या फवारणी पंपांवर. सोयाबीनवर अळी आली की इथे रांग लागते. अशा दिवसांत एक शेतकरी काका कापडी पिशवीतून सीडी प्लेअर घेऊन आले. पत्र्याच्या अंगाचा, जपानी, ऐंशीच्या दशकाच्या शेवटचा. आखातात कामाला गेलेल्या भावाने तेव्हा आणलेला. सोबत पुतणी, तिच्या हातात ऑनलाइन मागवलेला नवा प्लेअर: प्लॅस्टिकचा, हलका, टाइप-सी चार्जिंग, ब्लूटूथ.

भांडण घरूनच सुरू झालेलं होतं. काकांचं म्हणणं, जुन्याचा आवाज भरीव. पुतणीचं म्हणणं, "मोठेबाबा, सीडी तीच, आकडे तेच, मग आवाज वेगळा काऊन येईन?"

प्रश्न बरोबर आहे. सीडीवर प्रत्येक सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावा-उजवा वेगळा. १९८२ सालच्या ऑक्टोबरात सोनीचा सीडीपी-१०१ जपानात विक्रीला आला तेव्हाही हेच आकडे होते. दोनच वर्षांनी, नोव्हेंबर १९८४मध्ये, डी-५० आला. हातात धरता येईल असा पहिला सीडी प्लेअर, किंमत ४९,८०० येन. तेव्हापासून आकड्यांत काहीही बदललेलं नाही. बदललं ते आकडे वाचून झाल्यानंतरचं सगळं.

पण आधी जुना चालू तर व्हायला हवा.

(पडद्यावर: स्क्रू, आतली पाटी, कंडेन्सर. हे दृश्य लांब ठेवावे.)

"लेन्स पुसाच्या आधी कोणालेही मेला म्हणू नोका," मिस्त्री म्हणतात. गावाकडे प्लेअर अडखळला की निदान एकच, लेन्स गेली. निम्म्या वेळा ती गेलेली नसते. तिच्यावर कापसाची लव आणि धूळ बसलेली असते, आणि या भागात कापसाची लव कशाकशावर बसत नाही! इअरबडला आयपीएचा, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलचा, एक थेंब. दाब अजिबात नाही, कारण लेन्स केसाएवढ्या तारांवर तरंगते. मधून बाहेर, एकच वळसा. मग लेन्स ज्या दांडीवरून सरकते, तिच्यावरचं वाळून चिकट झालेलं ग्रीस खरवडायचं आणि नवं लावायचं, तेही नखाएवढं.

सीडी वाचली गेली, पण आवाज डाव्या कानात बारीक आणि फाटका. मिस्त्रींनी आतली सर्किटची पाटी नाकाजवळ नेली. त्या काळचे बारीक कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे सुटे भाग, गळतात आणि त्यांना सुकटीसारखा वास येतो. गळलेलं रसायन तांब्याच्या रेघा खातं. म्हणून आधी जुने उपटले, मग पाटी धुतली, सुकवली, प्रत्येक रेघ मीटर लावून तपासली, जिथे तुटली तिथे केसाएवढी तार जोडली, आणि मग नवे कंडेन्सर बसवले. दोन तास गेले. मधे पंपवाल्या गिऱ्हाइकांची दोनदा कुरकुर झाली, ती आम्ही कापली आहे. नवं यंत्र बिघडलं तर एवढं करता येईल का? आम्ही ते उघडून पाहिलं. आत एकच पाटी, एकच काळी चिप, आणि बॅटरी डिंकाने चिकटवलेली.

(पडद्यावर: दोन्ही प्लेअर, मल्टिमीटर.)

तुलनेचा पहिला प्रयत्न फुकट गेला. काकांनी आणलेली सीडी गावच्या खंजिरी भजनी मंडळाची होती, तालुक्याला स्टुडिओत बनवून घेतलेली. ती एमपीथ्रीवरून, म्हणजे आधीच आवाज दाबलेल्या फाइलवरून, उतरवलेली निघाली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मग कारखान्यात छापलेली सीडी शोधली.

यापुढचं मिस्त्रींनी केलं ते शहरातले कितीतरी हौशी लोक करत नाहीत. चाचणीच्या सीडीवरचा ४०० हर्ट्झचा सूर लावला, हेडफोन जोडलेला ठेवून दोन्ही प्लेअरचे व्होल्ट मोजले आणि आवाजाची चाकं फिरवून दोन्ही सारखे केले. "आवाज जराकसा मोठा केला का माणसाले तोच बरा वाट्टे जी. दुकानात टीव्ही इकतात तेही असेच." मग दोन्ही प्लेअर गमछ्याखाली, आणि अदलाबदल मिस्त्रींच्या हाती.

(पडद्यावर: काकांचा चेहरा. निवेदन थांबावे.)

आवाज सारखा झाला आणि काकांची खात्री डळमळली. मधल्या आवाजात फरक सांगता येईना. फरक उरला तो दोन ठिकाणी. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत नव्यातून बारीक सुस्कारा येत होता, आणि दुकानातल्या इन्व्हर्टरवर चार्जिंगला लावला की गुणगुणही. दुसरं, मोठा जड हेडफोन लावून आवाज वाढवला तेव्हा नव्यात ढोलकीची थाप चेपली गेली. जुना ९ व्होल्टवर चालतो, नव्यात ३.७ व्होल्टची एकच बॅटरी आणि तिच्यावर काटकसरीने बसवलेला अॅम्प्लिफायर. चिप नवी म्हणून वाईट नाही, उलट आजची साधी चिपही सीडीच्या १६ बिटांना पुरेल इतकी शांत असू शकते. पैसे वाचवले गेले ते चिपच्या पुढच्या चार आण्यांच्या भागांत.

ब्लूटूथवर ऐकलं तर तुलनाच संपली. तिथे सीडीतला आवाज दाबून, लहान करून पाठवला जातो.

(पडद्यावर: एसटी. खिडकीजवळ पुतणी, मांडीवर दोन्ही प्लेअर.)

आता जुन्याची फजिती. खड्डा आला की गाणं तुटतं. पुन्हा खड्डा, पुन्हा तुटलं. या रस्त्यावर त्याने एक कडवं सलग म्हटलं नाही. नवा मात्र बसभर गात होता. तो सीडी पुढे पुढे वाचून मेमरीत साठवतो. नव्वदच्या दशकात ही सोय आली तेव्हा मेमरी महाग होती. ४ मेगाबिटच्या चिपमध्ये दाब न देता जेमतेम ३ सेकंदांचा आवाज मावतो. म्हणून कंपन्या आवाज दाबून भरू लागल्या आणि खोक्यावर १०, ४० असे सेकंद छापू लागल्या. दर्दी लोक घरी बसून ऐकताना या सोयीचं बटण बंद ठेवायचे, आणि ते बरोबरच करायचे. काही प्लेअरमध्ये ते बंद करायची सोयच ठेवली नाही.

(पडद्यावर: जुन्याची मागची बाजू. लाइन-आउटचं भोक. मग देऊळ, कर्णा.)

आणि हे भोक. लाइन-आउट. इथून आवाज हेडफोनच्या अॅम्प्लिफायरला वळसा घालून थेट बाहेर येतो, आवाजाच्या चाकाचा त्याच्याशी संबंध नाही. पुढे पुढे कितीतरी प्लेअरमधून हे गायब झालं. पुतणीच्या प्लेअरलाही नाही. जुना आता भजनी मंडळाच्या अॅम्प्लिफायरला जोडलाय, देवळात खड्डे नाहीत. नवा पुतणीसोबत कॉलेजला जातो.

जुन्याची लेन्स बाजारात नवी मिळत नाही. गेली की दुसऱ्या बंद सेटातली काढून बसवायची. मिस्त्रींच्या फळीवर असे दोन सेट आहेत. त्यातल्या एकाचीच लेन्स चालते.