मोस्तार: बारा वर्षं मतदान नाही, महापौर मात्र जागेवर

नमस्कार मंडळी! 2022 मध्ये मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत संपली, प्रशासक बसले आणि निवडणुकीची वाट बघून आपण वैतागलो. आज ज्या शहराबद्दल बोलणार आहे, तिथे 2008 नंतर महापालिकेसाठी मतदान झालं ते थेट 2020 मध्ये.

[पडद्यावर: बोस्नियाचा नकाशा, नेरेत्वा नदी]

बोस्नियातलं मोस्तार. तो उंच कमानीचा दगडी पूल फोटोत पाहिला असेल तुम्ही. 1566 चा, ऑटोमन काळातला. बोस्नियाच्या युद्धात, 9 नोव्हेंबर 1993 ला, क्रोएट फौजेने तोफा डागून तो नदीत पाडला. 2004 मध्ये पुन्हा उभा राहिला.

युद्धानंतर पश्चिमेला कॅथलिक क्रोएट, पूर्वेला बोस्नियाक मुसलमान अशी विभागणी झाली. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती सर्ब फार थोडे उरले. विद्यापीठं दोन, मोठे फुटबॉल क्लब दोन. आणि हो, शहर नदीने दुभागलंय असं वाटतं ना? तसं नाही. युद्धातली आघाडी नदीच्या पश्चिमेला एका रस्त्यावर होती, बुलेव्हारवर. या रस्त्याचं नाव लक्षात ठेवा.

2004 मध्ये, युद्धानंतरच्या शांतता करारावर देखरेख ठेवणारे आंतरराष्ट्रीय प्रतिनिधी पॅडी ॲशडाउन यांनी शहरावर एक नियमावली लादली. नगरसेवक 35. कुठल्याही एका समाजाचे 15 च्या वर नाहीत. बोस्नियाक, क्रोएट, सर्ब, प्रत्येकाचे किमान 4. जुन्या सहा पालिकांचे सहा प्रभाग केले, प्रत्येकातून 3 नगरसेवक. उरलेले 17 अख्ख्या शहरातून. महापौर सभागृहाने निवडायचा.

कागदावर झकास! पण प्रभाग लहानमोठे. समजा एकात पाच हजार मतदार, दुसऱ्यात वीस हजार, आणि दोन्हीकडून तीनच नगरसेवक. मग तुमच्या मताची किंमत किती? बुलेव्हारच्या आसपासचा मधला पट्टा तर कुठल्याच प्रभागात नव्हता. म्हणजे पलीकडच्या गल्लीतला माणूस प्रभागासाठीही मत देणार आणि शहराच्या यादीसाठीही. पट्ट्यातल्याला फक्त शहराची यादी. भांडण मिटावं म्हणून जी जागा मधोमध ठेवली, तिथल्याच माणसाचं अर्धं मत गेलं.

2010 मध्ये देशाच्या घटनात्मक न्यायालयाने हे रद्द केलं. आता कायदा बदलायचा होता. क्रोएटांच्या एचडीझेड पक्षाला सगळं शहर एकच मतदारसंघ हवं होतं, कारण संख्या त्यांची जास्त. बोस्नियाकांच्या एसडीए पक्षाला प्रभाग हवे होते, कारणही तेच: क्रोएटांची जास्त संख्या. 2012 गेलं, 2016 गेलं. बाकी देशात मतदान झालं, मोस्तारमध्ये नाही. ल्युबो बेश्लिच काळजीवाहू महापौर म्हणून बसून राहिले, बजेट सभागृहाविना ठरत गेलं. माझं स्पष्ट मत: दोन्ही पक्षांना घाई अशी नव्हतीच.

कोंडी फोडली इर्मा बारालिया यांनी. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या, एका छोट्या पक्षातल्या. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात त्यांनी जातिधर्माचा मुद्दा काढलाच नाही. म्हणणं एवढंच: मी मोस्तारमध्ये राहते, म्हणून मला मत देता येत नाही, उभंही राहता येत नाही. 29 ऑक्टोबर 2019 ला त्या जिंकल्या. न्यायालयाने कायदा दुरुस्तीसाठी सहा महिने दिले. जून 2020 मध्ये दोन्ही पक्षांनी समझोता केला, आणि 20 डिसेंबरला लोक मतदानाला गेले.

फेब्रुवारी 2021 मध्ये नव्या सभागृहाने महापौर निवडला, मारियो कोर्दिच. पक्ष? बेश्लिच यांचाच, एचडीझेड.