बॉयलर नेमका कधी थांबतो?

(उत्तर इंग्लंडमधल्या एका मराठी मंडळाच्या हिवाळी बैठकीत दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. चार वाजलेत आणि बाहेर दिवे लागलेत, त्यामुळे आजचा विषय का निवडला ते सांगायची गरज नाही.

मी २००९ पासून लीड्स आणि आसपासच्या गावांत गॅस बॉयलर दुरुस्त करतो, म्हणजे गॅसवर पाणी तापवून ते नळ्यांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरवणारं, घर उबदार ठेवणारं यंत्र. नोव्हेंबर लागला की आपल्या लोकांचे फोन सुरू होतात. "दादा, बॉयलर सारखा बंद पडतोय. रीसेट केला की चालतो, थोड्या वेळाने परत बंद." मी विचारतो, "कधी बंद पडतो? पेटतानाच, की दहा मिनिटांनी? फक्त पहाटे, की दिवसाही?" यावर बहुतेक वेळा पलीकडून उत्तर येत नाही. ते उत्तर तुमच्याकडे असावं, एवढ्यासाठी मी आज इथे उभा आहे. बॉयलर कुठल्या क्षणी थांबतो, यातच अर्धं निदान असतं.

आपल्या घरच्या तांब्याच्या बंबात जाळ डोळ्यांनी दिसायचा. बॉयलर तो विजेने ओळखतो. थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की आधी पंप फिरतो, मग पंखा. हवा नीट खेळतेय अशी खात्री झाली की गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि ठिणगी पडते. ज्योतीतून वीज वाहू शकते. ज्योतीत एक बारीक दांडी असते, तिच्यातून काही मायक्रोअँपिअर इतका नाममात्र प्रवाह गेला की बॉयलर समजतो, जाळ लागला. प्रवाह मिळाला नाही तर काही सेकंदांत गॅस तोडतो. असं दोनचारदा झालं की स्वतःला कुलूप घालतो. यालाच लॉकआउट म्हणतात. न जळलेला गॅस साठू नये म्हणून घातलेलं ते कुलूप आहे. रीसेट म्हणजे ते काढणं. एकदा काढा, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा बटणाला हात लावू नका, पडद्यावरचा कोड कागदावर लिहून घ्या.

काही वेळा बिघाड नसतोच. पाणी ठरवलेल्या तापमानाला पोचलं की जाळ विझतो, काही मिनिटं थांबून परत लागतो. कोड नाही आणि घर उबदार आहे, तर काळजी नको. तसंच, थर्मोस्टॅटची बॅटरी संपलीय का आणि प्रीपेमेंट मीटरमध्ये पैसे आहेत का, हे मला बोलावण्याआधी बघा. या दोन गोष्टींसाठी मी बर्फातून गाडी काढलेली आहे.

आता प्रेशरचा काटा. कॉम्बी बॉयलर, म्हणजे हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही देणारा, थंड असताना तो साधारण १ ते १.५ बारवर असावा. फार खाली गेला की बहुतेक बॉयलर पेटायचंच नाकारतात. मग आपण खालचा फिलिंग लूप उघडतो, म्हणजे ती जाळीदार नळी आणि तिच्या चाव्या. सावकाश पाणी भरायचं, चाव्या घट्ट बंद करायच्या. वर्षातून एखाददा असं करावं लागलं तर चालतं. दर आठवड्याला करावं लागत असेल तर पाणी कुठेतरी जातंय.

एका घरी असंच होत होतं. नवराबायको दोघं नोकरीला, रोज संध्याकाळी पाणी भरायचे, सकाळी काटा शून्यावर. गळती सापडेना. साताऱ्याहून त्यांच्या आई आल्या होत्या. दिवसभर घरात, शाल पांघरून खिडकीपाशी. मी गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, बाहेर भिंतीतून ती तांब्याची नळी आलीये ना, घर तापलं की तिच्यातून पाणी ठिबकतं. गार झालं की थांबतं." मी बॉयलरचं झाकण न उघडताच दोष ओळखला.

पाणी तापलं की फुगतं. शंभर लिटर पाणी १० अंशांवरून ७० वर नेलं तर दोन लिटरांहून थोडं जास्त वाढतं. बंद नळ्यांत त्या वाढीव पाण्याला जागा हवी, म्हणून एक्स्पान्शन व्हेसल असतं. तो एक डबा, मधोमध रबरी पडदा, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला दाबून भरलेली हवा. हवा गेली की फुगलेल्या पाण्याला जागा उरत नाही. काटा ३ बारला भिडतो, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी त्या नळीतून बाहेर जातं. रात्री सगळं थंड झालं की आत पाणी कमी, म्हणून काटा शून्यावर. त्या घरी डब्यात हवा भरली, गाडीच्या टायरला असतो तसाच व्हॉल्व्ह असतो त्याला. सेफ्टी व्हॉल्व्हही बदलला, कारण एकदा उघडलेला व्हॉल्व्ह पुष्कळदा नीट मिटत नाही. आईंनी पाहिलं नसतं तर जमिनीखालची गळती शोधत फरशी उखडली असती.

तेव्हा काटा दोनदा वाचा, एकदा थंड असताना, एकदा तापल्यावर. दोन्ही आकडे मला सांगा.

फक्त कडाक्याच्या थंडीत, पहाटेच बंद पडतो? मग कंडेन्सेट पाइप बघा. गॅस जळला की पाण्याची वाफ होते. आजचे बॉयलर ती वाफ थंड करून तिच्यातली उष्णताही वापरतात, आणि ते पाणी पांढऱ्या किंवा राखाडी प्लास्टिकच्या नळीने बाहेर जातं. नळी बारीक आणि उघड्यावर असली की त्यात बर्फ होतो, पाणी मागे तुंबतं, घळघळ आवाज येतो आणि बॉयलर थांबतो. २०१० चा डिसेंबर हा ब्रिटनमधल्या १९१० पासूनच्या नोंदींतला सर्वांत थंड डिसेंबर. त्या महिन्यात मी दिवसभर हेच एक काम करत होतो. हाताला पोचेल अशी नळी असेल तर गरम पाण्याची पिशवी धरा किंवा कोमट पाणी ओता. उकळतं नको, नळी तडकते आणि खाली सांडलेल्या पाण्याचा बर्फ होऊन कोणीतरी घसरतं. शिडीवर चढू नका. बर्फ गेला की एकदा रीसेट. नंतर ती नळी जाड घालून तिला आवरण करून घ्या.

पेटतो, जोरात तापतो आणि दोन मिनिटांत कोड दाखवून थांबतो, असं असेल तर पाणी फिरत नाहीये. पंप अडकलेला असतो, किंवा रेडिएटरमधला काळा गाळ साचलेला असतो. रेडिएटर वरून गार असेल तर हवा, खालून गार असेल तर गाळ. हवा तुम्ही चावीने काढू शकता, नंतर प्रेशर बघा. गाळाचं काम आमचं.

आणि बॉयलरचं झाकण उघडायचं नाही. यूट्यूबवर कितीही सोपं दिसलं तरी नाही. गॅसला हात लावणारा माणूस गॅस सेफ रजिस्टरवर, म्हणजे गॅसचं काम करायची परवानगी असलेल्यांच्या अधिकृत यादीत, असलाच पाहिजे, हा इथला कायदा आहे. त्याचं ओळखपत्र मागा. मी दारात उभा असेन तर माझंही मागा, मला राग येणार नाही. घर भाड्याचं असेल तर हीटिंग दुरुस्त करणं घरमालकाची जबाबदारी आहे. आपली नवी आलेली मुलं संकोचाने आठवडाभर कोट घालून झोपतात, मला ते बघवत नाही. पहिल्याच दिवशी ईमेल करा, कोडचा फोटो जोडून.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर उद्याच घ्या. या वायूला वास नाही. घरात सगळ्यांचं डोकं दुखतंय, मळमळतंय, आणि बाहेर पडलं की बरं वाटतंय, असं असेल तर बॉयलर बंद करा, दारंखिडक्या उघडा, बाहेर या आणि ०८०० १११ ९९९ या गॅसच्या आपत्कालीन नंबरला फोन करा.

या सभागृहाचा बॉयलर मागच्या खोलीत आहे, आणि हीटिंग दुपारपासून चालू आहे. चहा घेऊन तिकडे या. काटा वाचून मला आकडा सांगायचा, मग बाहेर जाऊन ती तांब्याची नळी कोरडी आहे का बघू.