दम लागलाय की दमा?

भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी आत्ता रात्रीचे साडेनऊ वाजलेत. डिसेंबरची थंडी आहे, शेकोटी पेटलीय, सगळे तिला चिकटून बसलेत आणि मी थोडा लांब, वाऱ्याकडे पाठ करून. मला लहानपणापासून दमा आहे आणि ओल्या लाकडाचा धूर छातीत गेला की माझी रात्र गेलीच समजायची. वारा फिरला की मी उठतो, जागा बदलतो, आता कुणी विचारतही नाही का उठला म्हणून.

पहाटे अजून अवघड असतं. थंड हवा खाली बसते, धूर वर जातच नाही, पाण्यावर चादरीसारखा पसरून राहतो आणि दमा तसाही पहाटेच जास्त उठतो. त्यामुळे माझा टेंट शेकोटीपासून लांब, आणि टेंटमध्ये मच्छर अगरबत्ती अजिबात नाही, प्लीज, बंद टेंटमध्ये तो धूर जाणार कुठे? मच्छरांसाठी जाळी आहे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आहे. वर्षभर माळ्यावर पडलेल्या टेंटला आणि स्लीपिंग बॅगला बुरशीचा वास येतो ना, तोच वास मला खोकला लावतो, म्हणून निघायच्या आधी दोन दिवस दोन्ही गच्चीवर कडक उन्हात.

आता हा पंप बघा. निळा, सालब्युटामॉलचा. एकदा मी तो खाली गाडीतल्या बॅगेत ठेवला आणि वर अर्ध्या डोंगरात छातीत शिट्टी वाजायला लागली, बोलता येईना, दोन शब्द झाले की श्वास. मित्र धावत खाली गेला आणि पंप घेऊन वर आला, त्यात पाऊण तास गेला. तो पाऊण तास मी विसरलेलो नाही. तेव्हापासून पंप अंगावरच, आतल्या खिशात, रात्री स्लीपिंग बॅगमध्ये माझ्यासोबत, कारण डबी गार पडली की औषध नीट बाहेर येत नाही. दुसरा पंप मित्राकडे, आणि तो कसा द्यायचा हे त्याला घरीच शिकवलंय.

आणि एक, फक्त निळ्या पंपावर राहू नका. तो तेवढ्यापुरता नळ्या मोकळ्या करतो, आतली सूज कमी करतो तो रोजचा स्टिरॉइडवाला पंप. ट्रिपला आलो म्हणून तो चुकवायचा नाही.

चढताना दम सगळ्यांनाच लागतो. मग दमा कसा ओळखायचा? दोन-तीन मिनिटं थांबल्यावर श्वास जागेवर आला तर तो दम. थांबूनही छाती आवळलेली, खोकला चालूच, वाक्य पूर्ण होत नाही, तर तो दमा. मग आडवं नाही व्हायचं, ताठ बसायचं. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून एक पफ, चार-सहा सावकाश श्वास, मग दुसरा, असे चार पफ. मग चार मिनिटं थांबायचं, उतार नाही पडला तर परत चार पफ आणि लगेच 108 ला फोन. हे सगळं माझ्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय, तुमच्या डॉक्टरांकडून तुमचा कागद घ्या. इथे रेंज सगळीकडे नसते, म्हणून कुठे येते आणि दवाखान्यासाठी राजूर जवळ की घोटी, हे दिवसा उजेडीच गावातल्या दादांना विचारून ठेवलंय.

गुडघा दुखला की ग्रुपमध्ये पेनकिलर फिरते, तीही मी घेत नाही. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेननं काही दमेकऱ्यांना अटॅक येतो आणि मी त्यातलाच एक.

पहाटेचे साडेतीन. बारी गावातून कळसूबाईला निघालोय, 1646 मीटर. गार हवा थेट आत जाऊ नये म्हणून नाका-तोंडावर मफलर, श्वास नाकानंच. पहिली वीस मिनिटं मुद्दाम हळू चालतोय, पुढचे टॉर्च वर गेलेत, जाऊ देत. मागून आमचे दादा विचारतात, "पंप घेतला का रं?" मी खिशावर हात ठेवतो. चेन लावलेली आहे.