पाच किंवा सात दाणे

[दृश्य : मोहम्मद अली रोड, सकाळ. अर्धं वर गेलेलं शटर. मागे मिनारा मशिदीचे मनोरे.]

काष्ठौषधीच्या दुकानात सकाळी आधी फडकं फिरतं आणि मग डबे उघडतात. उलट केलं तर रस्त्याची धूळ डब्यात जाते, आणि बारीक बियांत पडलेली धूळ पुन्हा निवडून काढता येत नाही. उन्नाब, गावजबान, बिहीदाणा, ज्येष्ठमध हे वरच्या फळीवर. खाली, हात घातला की लागेल असा, कलौंजीचा डबा. यावरूनच कळावं की दिवसातून किती वेळा तो उघडतो.

[दृश्य : गल्ला. गिऱ्हाइकाचा हात, आवाज फक्त.]

«चाचा, पन्नास ग्रॅम कलौंजी द्या.»
«खायला की केसांना?»
«सर्दीला.»
«मग तेल नको. अख्खी घेऊन जा.»

दुकानदाराचा हा एक प्रश्न म्हणजे निम्मी हकिमी. दाणा तोच, पण हुंगायचा तर भाजून, खायचा तर कुटून, केसांना तर तेल काढून. ऑनलाइन बाटली मागवताना हा प्रश्न कोणी विचारत नाही.

[दृश्य : पांढऱ्या बशीत काळ्या बियांचे पाच ढीग. कॅमेरा अगदी जवळ.]

आता जरा थांबून बघा. पाचही ढीग काळे, आणि पाचांतला एकच कलौंजीचा. हे तीळ : चपटे, थेंबासारखे, गुळगुळीत. हे कारळे : लांबुडके, चकचकीत, आपल्या चटणीतले. ही काळी जिरी : लांबट, अंगावर रेघा, चवीला कडूजहर. चौथा ढीग कांद्याच्या बियांचा. घोटाळा होतो तो इथे. अर्ध्या मुंबईत कलौंजीला «कांद्याचं बी» म्हणतात, खुद्द किराणावालेसुद्धा. कांद्याचा आणि कलौंजीचा काही संबंध नाही. कलौंजीचं झाड मोरवेलीच्या कुळातलं, हात-दीड हात उंचीचं, फिकट निळ्या फुलांचं. पीक रब्बीचं. राजस्थान, मध्य प्रदेशात थंडीच्या तोंडावर पेरतात, मार्चच्या सुमारास बोंडं वाळतात. नीमच, मंदसौर या तिथल्या मोठ्या मंडया.

ओळखायचं कसं? कांद्याचं बी सुरकुतलेलं, वेडंवाकडं, बोटांत चोळलं तर वास नाही. कलौंजीला तीन-चार स्पष्ट कडा, रंग मळकट काळा, चमक नाही. नखाने दाणा फोडा : आतून पांढरट, बोटाला तेलकट. आणि वास येतो, थोडा ओव्याचा, थोडा मिऱ्याचा, खाली कडवट. वास आला नाही तर माल जुना किंवा मालच दुसरा. पेरणीसाठीचं कांद्याचं बी असेल तर गोष्ट आणखी वाईट, कारण त्याला बऱ्याचदा बुरशीनाशक चोळलेलं असतं. ते पोटात जायची वस्तू नव्हे.

[दृश्य : दुकानाच्या भिंतीवर चौकटीत अरबी ओळ. उदबत्तीचा धूर.]

ही ओळ मुंबईतल्या जवळजवळ प्रत्येक कलौंजीच्या बाटलीवर छापलेली सापडेल. काळ्या दाण्यात मृत्यू सोडून सर्व रोगांवर शिफा म्हणजे आराम आहे, अशा अर्थाची हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन. इमाम बुखारींच्या हदीस-संग्रहात, वैद्यकाच्या प्रकरणात. अरबीत दाण्याचं नाव हब्बतुस्सौदा, युनानी हकिमांकडे शोनीज, आपल्या जुन्या वैद्यकात उपकुंचिका.

बाटलीवर एवढंच छापतात. त्याच प्रकरणात या वचनासोबत एक प्रसंग आहे, तो लेबलवर येत नाही. गालिब इब्न अब्जर प्रवासात आजारी पडतात, मदिनेला पोचतात तेव्हाही आजारीच. इब्न अबी अतीक विचारपूस करायला येतात आणि सांगतात : हे काळे दाणे घ्या, पाच किंवा सात, कुटा, तेलाच्या थेंबांबरोबर या नाकपुडीत आणि त्या नाकपुडीत सोडा. आणि मग हजरत आयशांनी पैगंबरांकडून ऐकलेलं ते वचन. म्हणजे वचनाच्या आधी माप आहे.

[दृश्य : तळहातावर सात दाणे. शेजारी चहाचा चमचा, काठोकाठ भरलेला. डिजिटल वजनकाटा.]

हजार दाण्यांचं वजन साधारण दोन ते अडीच ग्रॅम. सात दाणे म्हणजे पंधरा-सोळा मिलिग्रॅम, सोनाराच्या काट्यालाच कळावं इतकं. आणि «रोज सकाळी एक चमचा» म्हणून मोबाईलवर फिरतो तो चमचा अडीच-तीन ग्रॅमचा, हजाराच्या वर दाण्यांचा. युनानीत पोटात घ्यायची मोठ्या माणसाची रोजची मात्रा एक ते दोन ग्रॅम धरतात. म्हणजे सपाट अर्धा चमचा, तोसुद्धा कारण असेल तेव्हा आणि तेवढ्याच दिवसांपुरता.

«सर्व रोग» म्हणजे कोणते, याचा खल जुन्या विद्वानांनी केलेला आहे. हदीसचे भाष्यकार खत्ताबी यांनी हे शब्द थंडी आणि ओलाव्याच्या विकारांपुरते घेतले. चौदाव्या शतकातल्या इब्न कय्यिम यांनी तर आधी दाणा कोणता इथूनच सुरुवात केली. कोणी तो मोहरी म्हणत होतं, कोणी आणखी एका झाडाचं फळ. त्यांनी दोन्ही खोडून शोनीजवर बोट ठेवलं. हकिमी भाषेत कलौंजीचा मिजाज गरम-खुश्क, म्हणजे उष्ण आणि कोरडा, म्हणून ती सर्दी, कफ, पोटातला वारा अशा थंड बाजूच्या तक्रारींवर. पित्ताच्या माणसाला, तोंड आलेल्याला, भर मे महिन्यात हकीम ती सहसा देत नाहीत.

[दृश्य : नागपाड्यातल्या चाळीतलं स्वयंपाकघर. लोखंडी तवा, मंद आच.]

सर्दीची पोटली. अकराव्या शतकात हकीम इब्न सीनांनी लिहिलेला उपाय हाच : शोनीज भाजा, लिननच्या कापडात बांधा, हुंगत राहा. मुंबईत कापड मलमलचं. बाकी काही बदललेलं नाही.

दोन चमचे कलौंजी. तवा आधी तापवून आच कमी. दाणे टाकायचे आणि उलथनं थांबू द्यायचं नाही. साधारण मिनिटभरात वास उठतो. तिथेच उतरवायचं. दाणे मुळात काळे, त्यामुळे करपले तरी रंगावरून कळत नाही, नाकावरूनच कळतं. धूर दिसला की समजायचं, जे उडायचं तेल ते उडून गेलं, आता पोटलीत राख बांधताय. ताटात पसरून कोमट होऊ द्या. मग खलबत्त्यात जाडसर, दाण्याचे दोन-तीन तुकडे होतील इतपतच. पीठ केलं तर मलमलमधून भुकटी नाकात जाते आणि शिंकांनी माणूस बेजार होतो.

[दृश्य : कापडाचा चौकोन, दाणे मध्ये, दोऱ्याचे तीन वेढे. सुरकुतलेली बोटं. इथे निवेदन नाही, आठ सेकंद.]

तळहातात चोळायची आणि हुंगायची. वास मंदावला की पुन्हा चोळायची. दोन-तीन दिवसांत वास संपतो, पोटली टाकून द्यायची. पुन्हा तव्यावर गरम करून वापरणारे आहेत, उपयोग काही नाही. चोंदलेलं नाक मोकळं झाल्यासारखं वाटणं, एवढाच या पोटलीचा दावा.

नाकात तेलाचे थेंब सोडण्याचा उपाय जुना खरा, पण आज तो घरच्या घरी करू नये. तेलकट थेंब घशामागून फुप्फुसात उतरू शकतात आणि तिथून तेल लवकर निघत नाही. लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांना तर नकोच.

दातदुखीचा काढा कॅमेऱ्यासमोर झाला नाही, म्हणून दोन वाक्यांत : सिरक्यात कलौंजी उकळून, गाळून, कोमट चूळ. गिळायचा नाही, आणि कीड दातात असेल तर दंतवैद्य गाठायचा.

[दृश्य : माजून. पाण्याच्या पातेल्यात मधाचं भांडं. वर येणारा फेस चमच्याने काढला जातोय.]

माजून म्हणजे औषधी चूर्ण मधात किंवा साखरेच्या पाकात कालवून केलेलं चाटण. हिशेब ठरलेला : चूर्णाच्या तिप्पट मध. पंचवीस ग्रॅम कलौंजीला पंच्याहत्तर ग्रॅम मध, वजनाने. वाटीने मोजलं की चुकलंच, कारण मध जड.

कुटण्यातच बहुतेकांचं बिघडतं. कलौंजीत वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास तेल. मिक्सर सलग चालवला तर भांडं तापतं, तेल सुटतं आणि पात्याखाली काळा लगदा बसतो. म्हणून पाच सेकंद फिरवा, थांबा, हलवा, पुन्हा पाच सेकंद. आधी दाणे तासभर उन्हात ठेवले तर कुटणं सोपं जातं. पावसाळ्यात मुंबईत ऊन कुठलं, तेव्हा कोमट तव्यावर अर्धा मिनिट. मग मलमलने वस्त्रगाळ. वर राहिलेली टरफलं पुन्हा कुटायची, फेकायची नाहीत.

मधाचं भांडं थेट आचेवर नाही. पातेल्यातल्या गरम पाण्यात बसवायचं. मध पातळ होतो, वर पांढुरका फेस येतो, तो काढत राहायचा. या फेस काढलेल्या मधालाच जुने हकीम साफ मध म्हणतात. आता खाली उतरवा आणि थांबा. भांड्याला बोट सुखाने टेकेल इतकं कोमट झाल्यावरच चूर्ण घाला, थोडं थोडं, एकाच दिशेने घोटत. गरम मधात टाकलंत तर कलौंजीचा वास वाफेबरोबर घरभर, माजून मात्र निर्जीव.

[दृश्य : काचेची बरणी, कोरडं फडकं, कागदी चिठ्ठीवर तारीख.]

बरणी धुतलेली चालत नाही, वाळलेली लागते. एक थेंब पाणी राहिलं की आठवड्याभरात बुडबुडे आणि आंबूस वास. असा माजून फेकायचा, उकळून वाचवायचा नाही. अर्धा चमचा माजूनमध्ये कलौंजी ग्रॅमपेक्षा थोडी कमीच येते, म्हणजे मात्रा आपोआप सांभाळली जाते. हजार वर्षांपूर्वीच्या औषधकारांना चमच्याने अंदाज घेणाऱ्या माणसाची खात्री नसावी. वर्षाखालच्या बाळाला मध नाही, म्हणून हा माजूनही नाही.

[दृश्य : छोटी तेलघाणी. एका बाजूने काळी पेंड दोरीसारखी बाहेर, दुसऱ्या बाजूने तेलाची धार.]

ही धार बघायला लोक थांबतात. एक किलो दाण्यातून आजच्या यंत्रावर अडीचशे-तीनशे ग्रॅम निघालं की ठीक. त्याहून जास्त काढायला गेलं की मळसूत्र घट्ट करावं लागतं, तापमान चढतं, तेल काळसर निघतं आणि करपट लागतं. चांगलं तेल गडद तांबूस, उजेडाकडे धरलं तर किंचित हिरवट. थेंब जिभेवर ठेवला की घशाला झोंबतं. ती झोंब ज्या उडणाऱ्या भागाची, त्यात थायमोक्विनोन नावाचा घटक असतो, आणि कलौंजीवरचं आजचं बहुतेक संशोधन त्याच्याभोवती आहे. उजेड आणि उष्णता दोन्ही त्याला सोसत नाहीत. म्हणून गढूळ तेल दोन-तीन दिवस बसू द्यायचं, वरचं निवळ गाळून रंगीत काचेच्या बाटलीत, गळ्यापर्यंत. प्लास्टिकच्या पारदर्शक बाटलीत, दुकानाच्या दारात उन्हाला मांडलेलं तेल विकत घेण्यात अर्थ नाही. जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला तर खवट झालंय.

बाजारात आणखी एक तेल मिळतं : कलौंजीचा काढा तिळाच्या तेलात आटवून केलेलं. ही लबाडी नव्हे, युनानीत रोगन, म्हणजे औषधी तेल, करायची ती जुनी रीत आहे. लबाडी होते ती तेच तेल «शुद्ध कलौंजी» म्हणून विकलं की. केसांना लावायचं तर एक भाग घाणीचं तेल, तीन भाग खोबरेल. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून एक दिवस थांबा, काहींच्या त्वचेला फोड येतात. आणि केस काळे होतात ही समजूत दाण्याच्या रंगावरून आलेली, तेलात केस काळे करणारा रंग नाही.

[दृश्य : बाटल्यांची रांग. लेबलं वेगाने सरकतात.]

मधुमेह, कर्करोग बरा करतो अशी जाहिरात करणं 1954 च्या औषधी व चमत्कारी उपाय कायद्याने गुन्हा आहे. साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या, रक्त पातळ करणारं औषध, ठरलेली शस्त्रक्रिया, गरोदरपण : यांत मसाल्यापलीकडची कलौंजी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि चालू गोळी तर बंद करायचीच नाही.

[दृश्य : भेंडी बाजार, भट्टी. नानवर ओलं बोट फिरतं, मग चिमूटभर काळे दाणे.]

पाण्याचं बोट आधी, दाणे नंतर. कोरड्या पिठावर टाकले तर भट्टीत गळून निखाऱ्यावर जातात. एका नानला चिमूट. या शहरात कलौंजी सर्वांत जास्त पोटात जाते ती बहुधा अशीच.

[दृश्य : पुन्हा दुकान. कागदाची पुडी, दोऱ्याची गाठ.]

«ताई, घरी गेल्यावर ताटात पसरून निवडा. आणि डबा गॅसजवळ ठेवू नका.»
«किती दिवस हुंगायची, चाचा?»
«तीन. चौथ्या दिवशी नाक बंदच असेल तर दवाखान्यात जा.»