ओलाव्यावर वाळणारा चीक

श्रोतेहो, नमस्कार.

जपानमधल्या निक्को गावातलं तोशोगू देवस्थान 1636 मध्ये आजच्या रूपात उभं राहिलं. सगळं लाकडी काम. त्याच्या काळ्या-लाल खांबांवरची झिलई साध्या तेलरंगाची नाही, ती उरुशीची आहे. उरुशी म्हणजे एका झाडाचा चीक. आपली लाख किड्यापासून मिळते, तिचं हिच्याशी नातं नाही. नातं आहे ते बिब्ब्याशी. हे झाड बिब्बा, काजू आणि आंब्याच्याच कुळातलं, आणि त्याचा कच्चा चीक अंगावर बिब्ब्यासारखाच उततो. हाताला लागला तर आधी पाणी लावू नये, तो पसरतो. गोडं तेल चोळून पुसून काढायचा, मग साबण. पूर्ण वाळलेला लेप मात्र निरुपद्रवी असतो.

आता वाळणं म्हणजे काय ते पाहू. थिनरचा रंग थिनर उडाल्यावर सुकतो. उरुशीचं तसं नाही. चिकातलं लॅकेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, हवेतला ऑक्सिजन घेऊन उरुशिऑल या चिकातल्या मुख्य द्रव्याचे रेणू एकमेकांत गुंफतं, आणि त्याला ओलावा लागतो. 20 ते 25 अंश तापमान, 70 ते 80 टक्के आर्द्रता असं हवामान त्याला मानवतं. कोरड्या थंडीत लेप कितीतरी दिवस चिकटच राहतो. वाडगा ओलसर फडताळात ठेवता येतो, पण देवळाचा खांब कुठे ठेवणार? म्हणून दारं, कठडे असे सुटे होणारे भाग कार्यशाळेत नेतात. जागेवरच्या खांबाभोवती प्लॅस्टिकचा आडोसा करतात आणि आत ओली फडकी टांगतात. ओलावा जास्त झाला किंवा हात जाड बसला, तर वरचा पापुद्रा आधी आवळतो, खालचा भाग ओलाच राहतो आणि सुरकुत्या पडतात. त्या खरवडून पुन्हा लावण्याला पर्याय नाही.

पाहणाऱ्याला दिसतो तो शेवटचा हात, पण दुरुस्ती टिकते ती खालच्या थरांवर. जुना सुटलेला लेप लाकडापर्यंत खरवडतात. कच्ची उरुशी लाकडात मुरवतात. भेगा आणि सांधे उरुशी, भाताची खळ आणि लाकडाचा भुसा यांच्या लुकणाने भरतात. लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं-आकसतं, म्हणून वर उरुशी-खळीने तागासारखं कापड चिकटवतात. मग बारीक मातीची पूड पाण्यात मळून, त्यात कच्ची उरुशी घालून, ते मिश्रण पातळ थरांनी चढवतात. उरुशी कमी पडली तर थर भुसभुशीत होतो, जास्त झाली तर आतून वाळत नाही. प्रत्येक थर वाळला की दगडाने घासायचा. मधला हात आणि वरचा हात त्यानंतर. कुंचला माणसाच्या केसांचा, आणि उरुशी कागदातून पुन्हा पुन्हा गाळलेली. तरीही एखादा कण पडतोच. ओल्या लेपातून तो पिसाच्या देठाच्या टोकाने अलगद उचलतात.

उरुशीचा खरा शत्रू ऊन. अतिनील किरणांनी पृष्ठभाग मलूल होतो, मग भुकटी होऊन पावसात धुपतो. क्योतोचं सुवर्णमंदिर 1950 च्या आगीनंतर 1955 मध्ये पुन्हा बांधलं. त्यावरचा सोन्याचा वर्ख इतका पातळ होता की किरणं आरपार गेली, खालची उरुशी खचली आणि वर्ख सुटू लागला. 1987 मध्ये पूर्ण झालेल्या दुरुस्तीत पाचपट जाड वर्ख वापरला: सोनं सुमारे 20 किलो, आणि उरुशी दीड टन.

एवढी उरुशी आणायची कुठून? जपानमध्ये वापरली जाणारी बहुतेक उरुशी चीनहून येते. 2015 मध्ये जपानच्या सांस्कृतिक खात्याने राष्ट्रीय ठेवा ठरलेल्या इमारतींसाठी देशी उरुशीच वापरायचं धोरण घेतलं. गरज काढली वर्षाला सरासरी 2.2 टन, त्यावेळी उत्पादन जेमतेम एक टनाच्या आसपास होतं. त्यातला मोठा वाटा इवाते प्रांतातल्या जोबोजी भागाचा. झाड तयार व्हायला 10 ते 15 वर्षं लागतात. जूनपासून शरदापर्यंत त्याला चिरा देतात, हाती येतो जेमतेम 200 ग्रॅम चीक, आणि मग झाड तोडतात. म्हणजे 2.2 टनांसाठी दरवर्षी 11,000 झाडं. बुंध्याला फुटवे येतात हे खरं, पण तेही चिरा देण्याजोगे व्हायला वर्षं घेतात. काजूच्या टरफलाच्या तेलापासून बनवलेला, उरुशीसारखा दिसणारा स्वस्त रंगही जपानमध्ये मिळतो. साध्या फर्निचरला तो चालतो, पण तोशोगूसारख्या वास्तूंसाठी मेहनत जंगल वाढवण्यावरच घ्यावी लागते आहे.