गाभाऱ्याच्या अलीकडे

(दृश्य: दानपेटीचं कुलूप. मूळ आवाज तसाच ठेवायचा.)

दोन चाव्या लागतात. एक अध्यक्षांच्या करदोट्याला, दुसरी हिशेबनिसांच्या खिशात. दोघं आल्याशिवाय पेटी उघडत नाही.

सतरंजीवर पेटी पालथी होते. नाणी, चुरगळलेल्या नोटा, नारळाच्या शेंडीचा गुंता, घडी घातलेली नवसाची चिठ्ठी. ती कुणी उघडत नाही, बाजूला ठेवतात. पन्हाळा तालुक्यातलं हे एक लहान ग्रामदैवत. मोजायला बसलेत तेही गावचेच: निवृत्त मास्तर, दूध संस्थेचे सचिव, आणि नोटांना रबर लावणारी दोन पोरं. दर हजाराला मास्तर वहीत एक उभी रेघ ओढतात. पाचवी रेघ आडवी.

या वहीवर सरकारची नजर आहे. असावीच. ती देवळात कुठवर जावी, एवढाच प्रश्न. पैसा देवाचा आहे, मोजणारा माणूस आहे.

(दृश्य: लाल फडक्यातलं दप्तर. शेड्यूल वनचा, म्हणजे न्यासाच्या नोंदवहीचा उतारा, जवळून.)

हे दप्तर म्हणजे १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम. आता नावात मुंबईऐवजी महाराष्ट्र आलंय. या कायद्याने विश्वस्तांना काय काय लावून दिलंय, ते फडकं सोडलं की दिसतं. देवस्थानची नोंदणी. दर वर्षी हिशेब, ऑडिट, आणि ते धर्मादाय कार्यालयात, म्हणजे न्यासांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कचेरीत सादर. विश्वस्त वारला किंवा बदलला, तर नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे नोंदीत बदल करून घ्यायचा अर्ज. देवाची जमीन विकायची, तर कलम ३६ खाली आधी मंजुरी. कारभार बिघडलाय असं वाटलं, तर धर्मादाय आयुक्त निर्देश देऊ शकतात, चौकशी लावू शकतात, विश्वस्ताला निलंबित करू शकतात, काढूनही टाकू शकतात. पण काढायचं तर कलम ४१ड ची वाट आहे. वारंवार हिशेब न देणं, आदेश जाणूनबुजून मोडणं, पैशांची अफरातफर, असं ठोस कारण लागतं. आरोप लिहून द्यावे लागतात, उत्तर द्यायची संधी द्यावी लागते. वरून फोन आला, हे त्या यादीत नाही.

(दृश्य: किरणोत्सव, महाद्वारातून. हा शॉट पूर्ण चालू द्यायचा.)

कोल्हापूरच्या अंबाबाईचं देऊळ. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडपाकडून पुढे सरकतात. पितळी उंबरठा. चांदीचा उंबरठा. मग चरण, आणि आकाश साथ देईल तेवढं वर. आमचा कॅमेरा उंबऱ्याच्या बाहेरच राहिला.

कायद्याचा पाय कुठे थांबतो, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे १९५४ साली आला, तोही असाच एका उंबऱ्यापाशी. उडुपीच्या शिरूर मठाचा खटला. मद्रासच्या कायद्याने धर्मादाय आयुक्ताला आणि त्याच्या माणसांना मठात केव्हाही, कुठेही शिरायची मुभा दिली होती. न्यायालय म्हणालं, तपासणीला जायला हरकत नाही, पण वेळ, रीत, सोवळं-ओवळं न बघता थेट गाभाऱ्यापर्यंत जाण्याचा बेबंद अधिकार घटनेत बसत नाही.

त्याच वर्षी आपल्या मुंबई कायद्याचीही पाळी आली. गंमत बघा, हिंदू देवळांचे विश्वस्त आज ज्या निकालाकडे बोट दाखवतात, तो मागायला गेले होते एका जैन मंदिराचे वहिवाटदार, रतिलाल पानाचंद गांधी. सोबत पारशी पंचायतीचे विश्वस्त. कायद्यात कलम ४४ होतं: न्यायालय खुद्द धर्मादाय आयुक्तालाच एखाद्या न्यासाचा एकमेव विश्वस्त नेमू शकेल. आता एखाद्या मठाधिपतीच्या गादीवर सरकारी अधिकारी बसलाय, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. न्यायमूर्ती बी. के. मुखर्जींनी ते आणलं, आणि धार्मिक संस्थांपुरतं हे कलम टिकलं नाही.

आणखी एक गोष्ट गेली. देणाऱ्याने ज्या कामासाठी पैसा ठेवला, ते काम होण्यासारखं असतानाही शिल्लक दुसरीकडे वळवायची सोय. नंदादीपाला दिलेलं तेल नंदादीपातच जळणार, इतका हा साधा मुद्दा होता. न्यासांनी धर्मादाय आयुक्तांकडे भरायची वर्गणी मात्र राहिली. तो कर नाही, फी आहे, असं ठरलं.

सगळ्याच्या तळाशी घटनेचा २६ वा अनुच्छेद. धर्माच्या बाबतीत आपलं कामकाज संप्रदाय आपण पाहील. मालमत्तेचा कारभारही तोच पाहील, फक्त कायद्यानुसार. त्या ‘कायद्यानुसार’ शब्दात सरकारला जागा आहे. पण नियमन करता करता कारभारच कायमचा उचलून दुसऱ्याच्या हाती देणारा कायदा टिकणार नाही, हे रतिलाल निकालाने लिहून ठेवलंय.

(दृश्य: वाडी रत्नागिरी, चैत्र यात्रा. गुलाल.)

जोतिबाच्या नावानं चांगभलं!

डोंगर दिसत नाही. दिसतात फक्त गुलालातून वर आलेली सासनकाठ्यांची टोकं. मानाची पहिली काठी साताऱ्याकडच्या निनाम पाडळीची. तिला हार घालणारे हात बघा. पालकमंत्री, जिल्हाधिकारी. आणि गर्दीत कुणालाही त्यात वावगं वाटत नाही.

कोल्हापूरला ते वाटत नाही, कारण इथे देव आणि दरबार वेगळे कधी नव्हतेच. देवळांचा खर्च, वतनं, पूजेअर्चेची व्यवस्था संस्थानच पाहायचं. राजघराण्याचे विधी वेदमंत्रांनी करायला पुरोहितांनी नकार दिला, त्या वेदोक्त प्रकरणात शाहू महाराजांनी राजोपाध्यांचं इनाम जप्त केलं, आणि बहुजन समाज त्यांच्या बाजूने उभा राहिला. राज्यकर्त्याने देवळात हात घातला म्हणजे जुलूमच, असं या शहरात सरसकट कुणी म्हणणार नाही. आम्हीही म्हणत नाही.

१ मार्च १९४९. संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. छत्रपतींच्या देवस्थानांचा कारभार सरकारकडे आला, आणि १९६९ पासून तो पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहे. कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग मिळून तीन हजारांवर देवळं. अंबाबाई त्यात, जोतिबाही त्यात. विश्वस्त कायद्यातच यासाठी वेगळं प्रकरण आहे. पन्हाळ्याच्या मास्तरांवर सरकार देखरेख ठेवतं. इथे मात्र सरकारच नेमतं, सरकारच बरखास्त करतं, आणि समिती नसते तेव्हा जिल्हाधिकारी प्रशासक म्हणून बसतात. ज्याच्यावर नजर ठेवायची आणि ज्याने ठेवायची, तो एकच.

२०१७ मध्ये पुजाऱ्यांनी अंबाबाईला साडीऐवजी घागरा-चोली नेसवली आणि शहर पेटलं. पुजारी हटाव. मोर्चे, बैठका, सुनावण्या. २०१८ मध्ये विधिमंडळाने अंबाबाईसाठी स्वतंत्र कायदा मंजूर केला, पगारी पुजाऱ्यांचा. पुजारी कोणी नेमायचा, ही ऐहिक बाब आहे, हे सर्वोच्च न्यायालय १९७२ मध्येच सांगून बसलंय. नेमलेल्या पुजाऱ्याने पूजा कशी करायची, हे मात्र मंत्रालयातून ठरत नाही.

(दृश्य: चिदंबरम, संग्रहित. मग चंद्रभागेचं वाळवंट.)

जानेवारी २०१४. एकाच महिन्यात दोन निकाल.

तमिळनाडूत चिदंबरमच्या नटराज मंदिरावर सरकारने कार्यकारी अधिकारी बसवला होता. तिथली पुजारी दीक्षितर मंडळी लढली. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कारभारात बिघाड असेल तर तो दुरुस्त करण्यापुरतं ताब्यात घ्या. बिघाड निघाला, की ज्याचं त्याला परत. मुदतच नसलेला ताबा म्हणजे हक्कच काढून घेणं.

पंढरपुरात मात्र विठ्ठल-रुक्मिणीच्या पुजाऱ्यांचे, बडवे-उत्पातांचे, वंशपरंपरागत हक्क कायमचे संपले. नाडकर्णी आयोगापुढे भाविकांनी मांडलेली गाऱ्हाणी, त्यावरून झालेला १९७३ चा कायदा, आणि चाळीस वर्षांची कोर्टकचेरी. वारकऱ्यांनी पेढे वाटले.

फरक कुठे पडला? दीक्षितर हा वेगळा धार्मिक संप्रदाय, हे मद्रास उच्च न्यायालयाने १९५१ लाच मानलं होतं. अनुच्छेद २६ ची ढाल संप्रदायाला मिळते. गावकीच्या देवळाला ती तितकी सहज मिळत नाही, आणि ही अडचण आहेच.

पण बिघाड दुरुस्त झाला की परत, ही ओळ आमच्या डोक्यातून जात नाही. कोल्हापुरात बिघाड कधी सुरू झाला आणि तो संपला हे कोण ठरवणार, ते कुठल्याच कागदावर नाही.

(दृश्य: पुन्हा पन्हाळा. मंडपाचं छत, खालून वर.)

या गावचा चेंज रिपोर्ट चार वर्षं तारखांवर आहे. जुने दोन विश्वस्त वारले, नव्यांची नावं नोंदीवर नाहीत, म्हणून बँक मोठी रक्कम काढू देत नाही. पत्रे वादळात उडाले ते तसेच आहेत.

(दृश्य: मास्तर, वही. पाच सेकंद काही बोलायचं नाही.)

मोजणी झाली. रेघा मोजल्या, बेरीज दोनदा केली, सगळ्यांनी सह्या केल्या. नवसाची चिठ्ठी देवाच्या पायाशी गेली. पेटीला कुलूप लागलं, चाव्या पुन्हा दोन माणसांकडे. मास्तर वही फडक्यात बांधतायत. सोमवारी ऑडिटरकडे जायची आहे.